कोंबडी अंडें कसें घालते व तें स्वच्छ कसें राखावें

आठवड्याच्या बाजारांत विकावयास आलेली अंड्यांची पाटी पाहिली असतां तींत विष्ठेनें वा चिखलानें डागाळलेलीं कांहीं अंडीं हटकून आढळतात. याचें कारण विचारलें तर बहुधा एकच उत्तर मिळतें : कोंबडी जेथून शिटते तेथूनच अंडें घालते, तेव्हां तें घाण असावयाचेंच, घरीं नेऊन धुतलें म्हणजे झालें. या उत्तरांतील दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांपायीं शेतकरी कुटुंबांचें दरसाल बरेंच नुकसान होतें. अंडें कोंबडीच्या पोटांतून बाहेर पडतें तें सहसा स्वच्छच असतें. त्यास घाण लागते ती आपल्या खुराड्यांत. आणि लागलेली घाण थंड पाण्यानें धुऊन काढली तर अंडें वरून उजळ दिसतें खरें, पण आंतून तें लवकर नासण्यास वाट मोकळी होते.

हें असें कां होतें तें समजण्यास अंडें कसें तयार होतें याची थोडी माहिती असणें अवश्य आहे. ती एकदां नीट ध्यानांत आली म्हणजे खुराड्यांत काय करावें व काय टाळावें हें प्रत्येकास आपोआप सुचूं लागेल.

अंड्याची घडण

कोंबडीच्या अंगांत उजव्या बाजूचा अंडाशय खुंटलेला असतो. डाव्या बाजूचा तेवढा वाढतो व काम करितो. पाठीच्या कण्याखालीं तो द्राक्षांच्या घोसासारखा लोंबत असतो. घोसांतील प्रत्येक मणी म्हणजे एकेक पिवळा बलक होय. कांहीं मणी मोहरीएवढे, कांहीं वाटाण्याएवढे, तर चारपांच लहानमोठे मणी भराभर वाढीस लागलेले असतात. बलकाची मुख्य वाढ शेवटच्या सातदहा दिवसांतच होते. पुरा वाढलेला बलक घोसांतून सुटला म्हणजे अंडनलिकेचें नरसाळ्यासारखें तोंड त्यास झेलतें.

ही नलिका सुमारें ६५ सेंटिमीटर लांब असून तिचे निरनिराळे भाग निरनिराळीं कामें करितात. नरसाळ्यांत बलक जेमतेम पाव तास थांबतो. कळपांत कोंबडा असल्यास अंडें फलित होण्याची क्रिया येथेंच घडते. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडीं घालावयाची थांबत नाहीं. तीं अंडीं उबविण्यास निरुपयोगी, इतकाच फरक. पुढच्या भागांत सुमारें तीन तासांत बलकाभोंवतीं पांढरें चढतें. त्यापुढें सव्वा तासांत त्यावर दोन पातळ पापुद्रे बसतात. तेथून अंडें कवच घडविणाऱ्या पिशवींत येतें व तेथें तें सुमारें वीस तास राहतें. येणेंप्रमाणें एक अंडें पुरें होण्यास २४ ते २६ तास लागतात.

अंडें घातल्यावर सुमारें अर्ध्या तासानें पुढील बलक सुटतो. म्हणून आज सकाळीं सात वाजतां अंडें घालणारी कोंबडी उद्यां आठाच्या सुमारास व परवां नऊदहाच्या सुमारास बसते. असें होतां होतां वेळ दुपारवर सरकली कीं एक दिवस खाडा पडतो, आणि पुन्हा सकाळपासून नवा क्रम सुरू होतो. कोंबडीच्या या खाड्यांत आजार नाहीं, कीं कोणाची नजर लागलेली नाहीं. हा तिच्या शरीराचा हिशेब आहे. आपल्या गांवठी कोंबड्या खुडूक बसण्यांतही बरेच दिवस घालवितात, त्यामुळें वर्षाकांठीं त्यांचीं अंडीं साठ ते ऐंशींच्या घरांत भरतात. सुधारलेल्या संकरित जाती चांगल्या निगेंत तीनशेंच्या वर अंडीं देतात.

कवच व त्यावरील लेप

अंड्याचें कवच वजनानें पांचसहा ग्रॅम भरतें आणि त्यांत शेंकडा ९५ च्या सुमारास चुनखडीचेंच द्रव्य असतें. म्हणजे एका कवचासाठीं कोंबडीस अंगांतून सुमारें दोन ग्रॅम कॅल्शियम काढून द्यावें लागतें. खाण्यांतून तेवढें न मिळाल्यास ती तें आपल्या हाडांतून काढते. मग हाडें ठिसूळ होतात, कवच पातळ होतें, व कधीं कधीं नुसत्या पापुद्र्याचें मऊ अंडें पडतें. स्वच्छतेशीं याचा संबंध अगदीं निकटचा आहे. पातळ कवचाचें एक अंडें पेटींत फुटलें कीं त्याच्या चिकट्यानें शेजारचीं चार अंडीं माखतात, आणि कोंबड्यांस अंडीं फोडून खाण्याची खोड लागते ती निराळीच.

कवचाचें काम बहुतांशीं रात्रीं, म्हणजे कोंबडी कांहीं खात नसतां चालतें. म्हणून शिंपल्यांचा जाडसर चुरा किंवा चुनखडीचे बारीक खडे वेगळ्या भांड्यांत ठेवून दुपारनंतर कोंबड्यांपुढें असूं द्यावेत. ज्या कोंबडीस जेवढी गरज तेवढे ती टिपते. जाड खडे पोटांत सावकाश विरघळतात व रात्रभर पुरतात. घरांतील अंड्यांचीं टरफलें भाजून व बारीक कुटून दिलीं तरी चालतात; तशींच अख्खीं टाकूं नयेत. उन्हाळ्यांत कोंबडी चोंच उघडून धापा टाकूं लागली कीं तिच्या रक्तांतील कर्बवायु कमी होतो व त्यानेंही कवच पातळ पडतें. त्यासाठीं चैत्र-वैशाखांत सावली, वारा व गार पाणी यांची तजवीज चुन्याइतकीच महत्त्वाची आहे.

कवच डोळ्यांस सलग दिसलें तरी त्यांत सात हजारांपासून सतरा हजारांपर्यंत सूक्ष्म छिद्रें असतात. आंतील पिलास श्वास घेतां यावा म्हणून निसर्गानें हीं ठेविलीं आहेत. परंतु ज्या वाटेनें वारा जातो त्या वाटेनें रोगजंतूही जाऊं शकतात. म्हणून अंडें बाहेर पडण्यापूर्वीं शेवटच्या एकदोन तासांत कवचावर एक अत्यंत पातळ लेप चढतो व तो छिद्रांचीं तोंडें झांकून टाकितो. घातल्याबरोबर अंडें ओलसर व चकचकीत दिसतें, तो हाच लेप होय. दोनतीन मिनिटांत तो वाळतो. अंड्याला निसर्गानें दिलेलें हें पहिलें कुलूप आहे. तें आपण आपल्या हातानें मोडावयाचें कीं राखावयाचें, एवढाच काय तो प्रश्न.

अंडें बाहेर पडतांना

कोंबडीचें आंतडें, मूत्रनलिका व अंडनलिका हीं तिन्ही एकाच पोकळींत उघडतात. शास्त्रीय ग्रंथांत तिला अवस्कर म्हणतात. यावरूनच अंडें विष्ठेंतून येतें असा समज झालेला आहे. वस्तुतः अंडें घालतांना अंडनलिकेचें टोंक, अंगरख्याची बाही उलटी करावी तसें, अवस्करांतून बाहेर उलटतें व अंड्यास थेट बाहेर सोडतें. त्या वेळीं आंतड्याचें तोंड दाबून बंद झालेलें असतें. अंड्याचा विष्ठेशीं सहसा स्पर्श होत नाहीं. तलंगेच्या पहिल्या एकदोन अंड्यांवर रक्ताची रेघ दिसते तिचीही भीति बाळगण्याचें कारण नाहीं. मात्र कोंबडीस पातळ हगवण लागून तिच्या शेपटाखालचीं पिसें माखलेलीं असलीं तर अंडें डागाळतें. अशी कोंबडी वेगळी काढून तिच्यावर उपचार करावा व तीं पिसें कातरून टाकावींत.

यापुढचीं कांहीं मिनिटें सर्वांत नाजूक असतात. कोंबडीच्या अंगांतील उष्णता सुमारें ४१ अंश सेल्सिअस. तेवढेंच ऊन अंडें बाहेरच्या हवेंत येतें व निवूं लागतें. निवतांना आंतील द्रव्य आकसतें, आणि ती जागा भरून काढण्यासाठीं छिद्रांतून बाहेरची हवा आंत ओढली जाते. अंड्याच्या रुंद टोंकाशीं दिसणारी हवेची पोकळी अशा रीतीनें तयार होते. थोडक्यांत, अंडें जन्मतांच पहिला श्वास घेतें. तें त्या वेळीं कोरड्या तुसावर पडलेलें असेल तर श्वासाबरोबर केवळ हवा जाते. ओल्या विष्ठेवर पडलेलें असेल तर ती ओल व तिच्यांतील जंतू हेही आंत शिरतात. म्हणून संध्याकाळीं अंडें कितीहि जपून पुसलें तरी सकाळीं झालेलें नुकसान भरून येत नाहीं.

आंत शिरलेल्या जंतूंशीं झगडण्याची थोडी सोय अंड्यांतही आहे. पापुद्रे त्यांस अडवितात, आणि पांढऱ्यांत लायसोझाइम नांवाचें एक जंतुनाशक द्रव्य असतें. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९२२ सालीं याच द्रव्याचें वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें. परंतु हा बंदोबस्त थोडक्या शत्रूंपुरता आहे. घाण फार व हवा ऊन असली कीं तो पुरा पडत नाहीं, व अंडें नासतें.

धुण्याचा मोह

आतां धुण्याकडे वळूं. थंड पाण्यांत अंडें बुडविलें कीं तें पुन्हा आकसतें व पुन्हा छिद्रांतून ओढ लागते. मात्र या खेपेस हवेऐवजीं घाण विरघळलेलें पाणी आंत जातें. शिवाय चोळण्यानें वरचा लेप निघतो व छिद्रें उघडीं पडतात. ओल्या फडक्यानें पुसणें याहूनही वाईट. तें एकच फडकें सर्व अंड्यांवरून फिरतें, आणि एका अंड्याची घाण सर्वांस वांटली जाते.

कोणी म्हणेल कीं परदेशांत तर अंडीं धुऊनच विकतात. हें निम्में खरें आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मोठ्या व्यापारांतील अंडीं यंत्रानें धुतात. परंतु तेथें धुण्याचें पाणी निदान ३२ अंश ऊन असावें व अंड्यापेक्षां निदान ११ अंशांनीं अधिक ऊन असावें असा दंडक आहे. धुतल्यावर अंडीं लगेच वाळवितात व तेथून पुढें सुमारें ७ अंशांच्या थंडाव्यांत ठेवितात. उलट युरोपीय संघांत पहिल्या वर्गाचीं म्हणून विकावयाचीं अंडीं धुण्यास सामान्यतः मनाई आहे; अंड्यावरील लेप शाबूत राहावा व शेतकऱ्यानें घाण मुळांतच होऊं देऊं नये, हा त्यांतील हेतु. दोन्ही पद्धति आपापल्या जागीं सुसंगत आहेत. मात्र पहिली पद्धति पत्करावयाची तर खुराड्यापासून गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत थंडाव्याची सांखळी कोठेंही तुटतां कामा नये. ज्या गांवांत अंडीं उन्हाळ्यांत पाटींतून बाजारास जातात तेथें धुणें पहिलीकडचें व साठवण दुसरीकडची, असा मेळ घातल्यास दोन्हींचे तोटे तेवढे पदरीं पडतात. आपणांस दुसरीच पद्धति सोयीची आहे.

पेटी, खुराडें व आंथरूण

अंडें स्वच्छ राखण्याचें निम्में काम अंडीं घालण्याच्या पेटीनें होतें. चारपांच कोंबड्यांस एक पेटी पुरते. ती ३० सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद व ३५ सेंटिमीटर उंच असावी. आंथरूण बाहेर सांडूं नये म्हणून पुढें दहा सेंटिमीटरांची आडपट्टी ठोकावी. कोंबडीस आडोसा व अंधुक उजेड आवडतो, म्हणून पेटी खुराड्याच्या शांत बाजूस, जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच ठेवावी. पेटीचें छप्पर उतरतें असावें, म्हणजे त्यावर कोंबड्या बसणार नाहींत. लांकडाच्या पेट्या न जमल्यास जुने डबे वा मजबूत टोपल्याही चालतात.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. कोंबड्यांची रात्रीं बसावयाची दांडी पेटीहून उंच पाहिजे. कोंबडी रात्रीं सर्वांत उंच जागा शोधते; पेटी उंच असली तर ती तेथेंच झोंपते व रात्रभर शिटून पेटी बिघडविते. ज्यांस शक्य आहे त्यांनीं संध्याकाळीं पेट्यांचीं तोंडें फळीनें बंद करावींत व पहांटे उघडावींत.

पेटींत भाताचें तूस, भुईमुगाचीं टरफलें, लांकडाचा कोरडा भुसा किंवा बारीक केलेलें गव्हाचें काड सुमारें दहा सेंटिमीटर जाड पसरावें. घाण झालेला भाग रोज उचलून टाकावा व आठवड्यानें सर्व बदलावें. बुरशी लागलेलें काड कधींही वापरूं नये. तलंगा अंड्यावर येण्यापूर्वीं दोन आठवडे पेट्या खुराड्यांत मांडून ठेवाव्यात व प्रत्येकींत खडूचें वा चिनीमातीचें एक खोटें अंडें ठेवावें. त्यानें त्यांस जागेची संवय होते. खुराड्यांतील अंधारे कोपरे बुजवावेत, कारण कोंबडीनें एकदां जमिनीवरचा कोपरा धरला कीं तो सुटणें कठीण जातें.

पेटी कितीही स्वच्छ असली तरी कोंबडीचे पाय चिखलानें भरलेले असतील तर सर्व व्यर्थ होय. म्हणून खुराड्याच्या जमिनीवरील तूस रोज उकरून खालींवर करावें. मूठभर तूस हातांत दाबून पाहावें : मूठ उघडतांच तें सुटें झालें तर ठीक, गोळा तसाच राहिला तर ओल वाढली असें समजून कोरडें तूस व थोडी चुन्याची फक्की मिसळावी. पाण्याचें भांडें सांडणार नाहीं असें बसवावें. पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणांत व घाटमाथ्यावर, कोंबड्यांस सकाळीं उजाडतांच न सोडतां दहाअकरा वाजतां सोडावें. तोंवर बहुतेकींचीं अंडीं पेटींत पडलेलीं असतात. दाराशीं खडी टाकून वा बांबूच्या कामट्यांची ताटी आंथरून ठेवली तर परत येतांना पायांचा चिखल बाहेरच राहतो.

गोळा करणें व साठविणें

अंडें पेटींत जितका वेळ राहील तितके त्यावर अधिक पाय पडतात. सकाळीं आठ, दहा व बारा वाजतां आणि संध्याकाळीं एकदां, अशीं चार वेळां अंडीं गोळा करावींत. हात धुऊन, कोरड्या टोपलींत पेंढा घालून तीं उचलावींत. काम झाल्यावर साबणानें पुन्हा हात धुवावेत. स्वच्छ, डागाळलेलीं व तडकलेलीं अंडीं तेथल्या तेथें निरनिराळीं करावींत.

साठवितांना रुंद टोंक वर ठेवावें, म्हणजे हवेची पोकळी व बलक आपापल्या जागीं राहतात. जागा गार, कोरडी व वासरहित असावी; रॉकेल, कांदे व औषधी फवारे यांच्या शेजारीं अंडीं ठेवूं नयेत. शीतपेटी नसल्यास मातीचें मडकें ओल्या वाळूंत अर्धें पुरून, आंतून मात्र पूर्ण कोरडें ठेवून, त्यांत पेंढ्यावर अंडीं ठेवावींत व तोंडावर फडकें बांधावें. शीतपेटींतील अंडीं एकदां थंड केल्यावर उगाच आंतबाहेर करूं नयेत. बाहेरच्या दमट हवेनें त्यांस घाम येतो आणि त्या ओलीनें धुण्याइतकेंच नुकसान होतें.

खाण्यासाठींच अंडीं विकावयाचीं असतील तर त्या कळपांत कोंबडा नसावा. फलित अंड्यांतील जीव २१ अंशांच्या वरच्या हवेंत हळूहळू वाढूं लागतो, व वैशाखाच्या उन्हांत तर दोनतीन दिवसांत आंत रक्ताचें कडें दिसतें. कोंबडा काढल्यावरही दोनतीन आठवडे कांहीं फलित अंडीं पडत राहतात, हें लक्षांत ठेवावें.

डागाळलेल्या अंड्यांची वाट

इतकी काळजी घेऊनही कांहीं अंडीं डागाळणारच. सुकलेला लहानसा डाग कोरड्या काथ्यानें किंवा बारीक कांचकागदानें, तेवढ्याच जागीं, हलक्या हातानें घांसून काढावा. फार माखलेलें अंडें विकूं नये व रवणीसही घालूं नये. तें वापरावयाचेंच झाल्यास फोडण्याच्या आधीं अंड्याहून स्पष्टपणें अधिक ऊन अशा वाहत्या पाण्याखालीं धुवावें, लगेच कोरडें करावें व त्याच दिवशीं पुरें शिजवून खावें. तडकलेलें व माखलेलें अंडें मात्र टाकून द्यावें. पाण्यांत बुडते कीं तरंगतें ही ताजेपणाची परीक्षाही वापरावयाच्या अंड्याचीच करावी; साठवावयाच्या अंड्यांस ती देऊं नये.

येथें एक इशारा देणें अवश्य वाटतें. साल्मोनेला जातीचे कांहीं रोगजंतू कोंबडीच्या अंडाशयांतूनच अंड्यांत उतरूं शकतात. तेव्हां कवच आरशासारखें स्वच्छ असलें तरी लहान मुलें, वृद्ध, गरोदर स्त्रिया व आजारी माणसें यांस कच्चें वा अर्धकच्चें अंडें देऊं नये. पांढरें व बलक दोन्ही घट्ट होईतों शिजवावें.

रवणीच्या अंड्यांबाबत तर अधिकच कडक राहावें. खुडूक कोंबडीखालीं एकवीस दिवस अंगाची ऊब असते; ती ऊब पिलास जशी मानवते तशी जंतूंसही मानवते. एखादें नासकें अंडें मध्येंच फुटलें कीं त्याच्या घाणीनें बाकीचीं अंडींही वायां जाऊं शकतात. धुतलेलें अंडें याच कारणानें रवणीस वर्ज्य समजावें.

हिशेब

हें सर्व खटाटोप कशासाठीं, असें कोणास वाटेल तर त्यानें साधा हिशेब करून पाहावा. समजा, एका घरीं सुधारलेल्या जातीच्या पंचवीस कोंबड्या असून रोज पंधरा अंडीं मिळतात. म्हणजे महिन्यास ४५० अंडीं झालीं. प्रत्येक कोंबडीस रोज ११० ग्रॅम खाद्य धरल्यास महिन्याचें खाद्य ८२॥ किलो होतें. दर दहा अंड्यांमागें एक जरी घाणीनें वायां गेलें तरी ४५ अंडीं बुडालीं, आणि त्यांबरोबर सव्वाआठ किलो खाद्य, म्हणजे सर्व कळपाचें तीन दिवसांचें खाणें उकिरड्यावर गेलें. हें नुकसान थांबविण्यास लागतें काय ? चार पोतीं तूस, पांच पेट्या व दिवसांतून चार फेऱ्या.

कोंबड्यांचें उत्पन्न आपल्याकडे बहुधा घरांतील स्त्रियांच्या हातीं असतें. मुलांच्या वह्यापुस्तकांची व अडीअडचणीची गरज त्यांतूनच भागते. त्या उत्पन्नाची जपणूक करावयाची तर घरच्या पुरुषांनीं पेट्या ठोकून देण्याचें व दांडी पेट्यांहून वर बांधण्याचें काम या आठवड्यांतच उरकावें. कोंबडी आपलें काम चोवीस तास खपून पुरें करिते व शेवटीं अंड्यास कुलूपही घालून देते. तिनें स्वच्छ दिलेलें अंडें कोरड्या जागीं झेलणें व वेळेवर उचलणें, एवढेंच आपणांकडे उरतें.